सुगरणीचा खोपा, चिलटाचं गाणं आणि 'रक्तातच आहे' हा समज

पावसाळ्यात ईटच्या शिवारात विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकलेले तुम्ही पाहिले असतील. नाव बाईचं, पण खोपा विणतो नर! सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला हा सगळा संसार बारकाईनं टिपला. नर अर्धा खोपा विणतो आणि पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी आत शिरून पारख करते. पसंत पडला तर जोडी जमते, नर खोपा पुरा करतो, आणि लगेच दुसरा विणायला घेतो.

हे त्याला कुणी शिकवलं? असल्या प्रश्नाचा उलगडा पक्ष्यात करणं अवघड. तो झाला पिकल्या केळ्यांवरच्या चिलटात, कारण त्याची नवी पिढी दहा-बारा दिवसांत तयार होते. चिलटाचा नर मादीच्या मागे फिरतो, तिला पायानं स्पर्श करतो आणि एक पंख थरथरवून 'गाणं' म्हणतो. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात कुलबीर गिल यांनी वेगळेच नर नोंदवले. ते नर-मादी न पाहता सगळ्यांचीच मनधरणी करत आणि त्यांना पिल्लं होत नसत. यामागच्या जनुकाला पुढे 'फ्रूटलेस' म्हणजे निष्फळ असं नाव पडलं. २००५ मध्ये व्हिएन्नातल्या शास्त्रज्ञांनी माद्यांमध्ये या जनुकाचं नराकडचं रूप घडवलं, तर त्या माद्याच दुसऱ्या माद्यांमागे लागल्या!

आपल्या मुंबईतही टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी सत्तरच्या दशकात वास-चव नीट न कळणारी चिलटं शोधली होती. नर मादीला ओळखतो तो बराचसा वास-चवीवरूनच.

आता दवाखान्यातली गोष्ट. अशा बातम्या वाचून आई-वडील मुलाला घेऊन येतात. "डॉक्टर, याला मुलगी नको म्हणतो, मुलगेच आवडतात. रक्तातच बिघाड असेल, इंजेक्शन द्या."

मंडळी, माणूस म्हणजे चिलट नव्हे. २०१९ मध्ये जवळपास पावणेपाच लाख लोकांची जनुकं तपासली गेली. ही आवड ठरवणारं एकच जनुक सापडलं नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा, बाकी इतर गोष्टी. आणि मुळात हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या यादीतून तो १९९० मध्येच काढला.

म्हणून मी इंजेक्शन देत नाही. आई-वडिलांना बाहेर बसवतो आणि मुलाला एकट्याला विचारतो: झोप लागते का, जेवण जातं का, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का? यातलं काही असेल, तर उपचार त्याचे करावे लागतात.