कँडीतील देवीची साथ आणि फादर जुझे वाझ

प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तो प्रसंग दरवर्षी पवित्र गुरुवारी आपल्या मंदिरांतून वाचला जातो. तरीही धर्मगुरूला अधिकार कोठून प्राप्त होतो असे कोणी विचारले, तर आपली दृष्टी बहुधा नेमणुकीच्या पत्राकडे वळते. म्हणून गोव्याच्या फादर जुझे वाझ यांच्या चरित्रातील एका वर्षाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

बाणावली येथे १६५१ साली जन्मलेले वाझ १६७६ मध्ये धर्मगुरू झाले आणि १६८५ मध्ये गोव्यातील देशी धर्मगुरूंच्या ऑरेटरी संघात दाखल होऊन लवकरच त्याचे प्रमुख बनले. ते पद सोडून १६८७ मध्ये ते लंकेस गेले. डचांनी १६५६ साली कोलंबो आणि १६५८ साली जाफना पोर्तुगिजांकडून जिंकून घेतल्यापासून तेथील कॅथलिक मंडळी मेंढपाळाविना होती, कारण कॅथलिक धर्मगुरूस डचांच्या मुलखात थारा नव्हता. वाझ हमालाच्या वेषात, अनवाणी, जाफन्यास पोहोचले. तेथे अतिसाराने ते मरणोन्मुख झाले. एका दयाळू स्त्रीने अन्न आणून दिले म्हणून वाचले, असे चरित्रकार सांगतात. हमालाचा वेष ही आरंभी केवळ डचांना चुकविण्याची युक्ती होती. परंतु युक्तीची गरज संपल्यावरही तो दरिद्री वेष त्यांच्या अंगावरून उतरला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

डचांच्या सत्तेबाहेरील कँडीच्या राज्यात ते १६९२ मध्ये गेले, आणि पोर्तुगिजांचे हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आले. पुढे १६९६ च्या अवर्षणात त्यांच्या प्रार्थनेनंतर पाऊस पडला, ही कथा भाविकांना विशेष प्रिय आहे. तिच्याविषयी आम्हांस अनादर नाही. आमचे मन मात्र पुढील वर्षात अधिक रमते.

१६९७ मध्ये कँडीत देवीची साथ पसरली. त्या काळी लस नव्हती आणि औषधही नव्हते. राजा व सरदार नगर सोडून गेले. घरात देवीचा रोगी निघाला की त्याला बाहेर नेऊन रानात टाकीत. आप्तही जवळ जात नसत. वाझ आणि नुकतेच त्यांच्याकडे येऊन दाखल झालेले त्यांचे भाचे, फादर जुझे कार्व्हाल्यो, मागे राहिले. टाकून दिलेल्यांना त्यांनी आसऱ्याखाली आणले, अन्न शिजवून भरविले, फोड धुतले आणि मेलेल्यांना मूठमाती दिली. या रोग्यांत ख्रिस्ती थोडे, बौद्ध पुष्कळ. कोणाचा धर्म कोणता हे पाहून शुश्रूषा झाली नाही. प्रवचनाला तेथे अवसरच कोठे होता?

साथ ओसरल्यावर राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने या धर्मगुरूंना आपल्या राज्यात मोकळेपणी धर्मकार्य करू दिले. पाच वर्षांपूर्वी ज्याच्यावर हेर म्हणून पहारा बसविला, त्याच्या शब्दाला आता दरबारात मान होता. कोचीनच्या धर्माध्यक्षांनी वाझ यांना लंकेसाठी आपले व्हिकर जनरल नेमले होते, हे खरे. पण त्या पत्राची किंमत कँडीच्या बौद्ध राजाला काय असणार?

येथे एक सोयीस्कर गैरसमज टाळावयास हवा. सेवा ही धर्मप्रसाराची किल्ली आहे, आधी इस्पितळ काढावे मग मंडळी आपोआप वाढेल, असा हिशेब आपल्या संस्थांच्या सभांतून कधी उघड तर कधी आडून मांडला जातो. कँडीची हकीकत या हिशेबाला साक्ष देत नाही. राजा बौद्धच राहिला. इतकेच नव्हे, भिक्षूंची खंडित झालेली दीक्षापरंपरा पुन्हा सुरू व्हावी म्हणून आराकानहून भिक्षू आणविणारा राजा हाच. वाझ यांनी त्याच्याकडे शुश्रूषेचे मोल मागितल्याचे दिसत नाही, आणि रोग्यांजवळ ते थांबले तेव्हा आपण स्वतः त्यातून वाचू याचीही खात्री त्यांना नव्हती.

पुढे त्यांना बिशप करण्याचा विचार झाला, तो त्यांनी नाकारला. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत त्यांचे देहावसान झाले. १७०५ साली येऊन मिळालेले दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्व्हिस आणि ऑरेटरीचे इतर धर्मगुरू यांनी कार्य पुढे चालविले. २०१५ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत वाझ यांना संतपद घोषित केले. कँडीत त्यांची कबर नेमकी कोठे होती, हे आज कोणास दाखविता येत नाही.