न्यायाधीश कोणी निवडावेत?

१/५
१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. २७ ऑगस्टपासून मुंबई उच्च न्यायालय औरंगाबादेतही बसू लागले. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती निवडताना अंतिम शब्द कोणाचा, हा वादही त्याच वर्षी निकाली निघाला, पण तात्पुरता.

२/५
संविधानाने सरन्यायाधीशांशी विचारविनिमय करण्यास सांगितले आहे; त्याचा अर्थ संमती होतो का? ३० डिसेंबर १९८१ च्या एस. पी. गुप्ता निकालात बहुमत म्हणाले, नाही, शब्द सरकारचा. न्या. भगवतींनी मात्र शिफारशींसाठी व्यापक मंडळ सुचवले.

३/५
६ ऑक्टोबर १९९३ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने हा निर्णय फिरवला. सरन्यायाधीश व ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मताला प्राधान्य मिळाले. हेच कॉलेजियम. न्या. अहमदी असहमत राहिले.

४/५
१६ ऑक्टोबर २०१५ रोजी न्यायिक नियुक्ती आयोग ४ विरुद्ध १ मतांनी रद्द झाला. विरोधी मत न्या. चेलमेश्वर यांचे. बहुमतातील न्या. कुरियन जोसेफ यांनीही कॉलेजियममध्ये पारदर्शकतेचा अभाव असल्याचे मान्य केले.

५/५
२४ मे १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी दोन्ही टोके नाकारली होती : सरकारला निरंकुश अधिकार नको आणि सरन्यायाधीशांना नकाराधिकारही नको; कारण सरन्यायाधीशही अखेर माणूसच.