दोन आडव्या रेघा

छत्तीसगडातील मराठी घरांच्या जुन्या पेट्यांत मोडी व नागरी, दोन्ही लिप्यांतील कागद सापडतात. रतनपुरास बिंबाजी भोसल्यांनी १७८७ पर्यंत राज्य केले. १८१८ नंतर अ‍ॅग्न्यू यांनी मुख्य ठाणे रतनपूरहून रायपुरास आणले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. पुढील दशकात रायपूर जिल्ह्याची जमीन मोजून सारा ठरविण्यात आला. त्यावरील हेविट यांचा अहवाल १८६९ चा आहे. या कामास इकडे ‘बंदोबस्त’ म्हणतात, आणि गावच्या कागदांच्या बांधणीस ‘मिसल’.

मिसलीतील खसरा शेतवार असतो, जमाबंदी कुळवार, तर खेवटात मालगुजारांचे हिस्से असतात. शेतापुढे कन्हार, डोरसा, मटासी किंवा भाठा अशी प्रत लिहितात. कन्हार म्हणजे काळी भारी जमीन, भाठा म्हणजे मुरमाड माळ. प्रतीवरून जमिनीचे मोल व त्यावरून लगान ठरे.

माझ्या सासरी अशाच एका खेवटाची नक्कल होती. ‘अर्धे गाव आपले होते,’ असे मामंजी अभिमानाने सांगत. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मी ती वाचावयास घेतली. हिश्शापुढे दोन पुसट रेघा होत्या. जुन्या हिशेबात उभ्या दोन रेघा म्हणजे आठ आणे आणि आडव्या दोन म्हणजे दोन आणे. कागद घडीवर फाटला होता. रेघांचा कल समजेना. तेव्हा बेरीज केली. पूर्ण गाव सोळा आण्यांचे. इतर दोन हिस्से दहा व चार आण्यांचे होते. आमच्या वाट्यास दोनच आणे उरत होते.

मामंजी बराच वेळ बोलले नाहीत. मलाही अपराध्यासारखे वाटले.

मात्र त्याच ओळीत आणखी एक चूक दडली होती. नावाआधी ‘मु.’ होते. मराठी सवयीने सर्वांनी ते ‘मुक्काम’ असे वाचले आणि पुढील शब्द गावाचे नाव मानला. इकडच्या दप्तरात ‘मु.’ म्हणजे ‘मुसम्मात’, स्त्रीच्या नावाआधी लिहावयाचा शब्द. पुढे ‘बेवा’, म्हणजे विधवा, असेही स्पष्ट होते. ते दोन आणे मामंजींच्या पणजीच्या नावावर होते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापूर्वी विधवेचा असा हक्क सामान्यतः हयातीपुरताच असे. तरी सरकारी लगानाची जबाबदारी तिच्या नावावर होती. घरच्या वंशावळीत मात्र ती कोठेच नव्हती. मामंजींनी स्वतःच्या हाताने तिचे नाव त्यात लिहिले.

जमाबंदीच्या पानांवर त्याच गावच्या कुळांची नावे होती, पित्याच्या नावासह. त्यांची पणतवंडे आज कदाचित याच परिसरात असतील. मिसल कोणा एकाच घराची नसते.

माजी विद्यार्थ्यांस व पालकांस माझी विनंती आहे : जुने कागद रद्दीत घालू नका, त्यांस चिकटपट्टी लावू नका, आणि ऐकीव कहाणी जुळावी म्हणून अक्षर वाकवू नका. बेरीज करून पाहा. हीरक महोत्सवी वर्षात नववीच्या मुलांना मी एकच गृहपाठ दिला आहे : पणजीचे नाव शोधून आणा. वर्गातील निम्म्या वह्या अद्याप कोऱ्या आहेत.