सीलिअक रोगाचे रक्तनिदान
सीलिअक रोगाचे रक्तनिदान : गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे उद्‌भवणारा सीलिअक रोग रक्तातील प्रतिपिंडांवरून ओळखण्याची पद्धती. सातू व राय या धान्यांतही तत्सम प्रथिने असतात. आनुवंशिक प्रवणता असलेल्या व्यक्तीत या प्रथिनांविरुद्ध प्रतिरक्षा प्रतिक्रिया होते, लघ्वांत्राच्या अंतःस्तरावरील सूक्ष्म अंकुर झिजतात आणि अन्नरसाचे शोषण मंदावते. बालकास दीर्घकाळ अतिसार होतो, पोट फुगते, हातपाय कृश होतात, उंची खुंटते आणि लोह देऊनही न हटणारा पांडुरोग जडतो. यांपैकी बहुतेक लक्षणे कुपोषणातही आढळत असल्यामुळे केवळ बाह्य तपासणीवरून दोहोंतील भेद करणे अवघड असते. रक्तपरीक्षेचे महत्त्व यातच आहे.

इतिहास : इ. स. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य आरिटीअस याने अशा विकाराचे वर्णन केले होते. पोट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. सॅम्युएल गी (१८३९–१९११) या इंग्रज वैद्याने १८८७ मध्ये लंडन येथे दिलेल्या व्याख्यानात बालकांतील या रोगाचे आधुनिक वर्णन केले व त्यावर आहार हाच उपाय असावा, असे मत मांडले. परंतु दोष कोणत्या अन्नात आहे, हे त्याला उमगले नव्हते. व्हिलेम डिके (१९०५–६२) या डच बालरोगतज्ञांना १९३० नंतरच्या दशकात गव्हाविषयी संशय आला. १९४४–४५ च्या हिवाळ्यात नेदर्लंड्‌समध्ये दुष्काळ पडून पाव दुर्मिळ झाला, तेव्हा रोगी बालके सुधारली व पाव पुन्हा मिळू लागताच आजारी पडली. डिके यांनी १९५० मध्ये आपल्या प्रबंधात गहू हेच कारण असल्याचे मांडले.

यानंतर प्रश्न निदानाचा होता. १९५० नंतरच्या दशकात तोंडावाटे नळी वा कुपी आत सोडून आतड्याच्या अंतःस्तराचा तुकडा काढणे शक्य झाले आणि जीवोतक परीक्षा निदानाचा आधार ठरली. यूरोपीय बालरोगतज्ञांच्या १९६९ च्या निकषांनुसार ही परीक्षा तीनदा करावी लागे : प्रथम रोगावस्थेत, नंतर गहू वर्ज्य केल्यावर व शेवटी गहू पुन्हा दिल्यावर. लहान मुलाच्या दृष्टीने हे कष्टप्रद होते.

रक्तपरीक्षेचा आरंभ १९५८ मध्ये झाला. त्या वर्षी ग्लुटेनचा घटक असलेल्या ग्लायाडिनाविरुद्धची प्रतिपिंडे रुग्णांच्या रक्तात दाखविण्यात आली. मात्र ती इतर विकारांतही आढळत असल्याने विश्वसनीय ठरली नाहीत. १९८३–८४ च्या सुमारास स्नायुतंतूंभोवतालच्या संयोजी ऊतकाविरुद्धची (एंडोमायसियमविरोधी) प्रतिपिंडे ज्ञात झाली. ही परीक्षा अचूक होती. परंतु प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाने नमुने पाहणारा कुशल परीक्षक तीस आवश्यक असे. १९९७ मध्ये जर्मनीत डेटलेफ शुपान, व्हालबुर्गा डीटरिख व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रतिपिंडांचे लक्ष्य ऊतक ट्रान्सग्लुटामिनेज हे एंझाइम असल्याचे सिद्ध केले. त्यामुळे रक्तरसाच्या थोड्याशा नमुन्यावर, सर्वसाधारण प्रयोगशाळेतही करता येण्याजोगी मापनपद्धती उपलब्ध झाली. यूरोपीय बालरोगतज्ञांनी २०१२ मध्ये व सुधारित स्वरूपात २०२० मध्ये असे ठरविले, की हे प्रतिपिंड कमाल प्रकृत मर्यादेच्या दहापट वा अधिक असून दुसऱ्या नमुन्यात एंडोमायसियमविरोधी प्रतिपिंडेही आढळल्यास बालकात जीवोतक परीक्षेवाचून निदान करता येते.

या परीक्षेला काही मर्यादा आहेत. नेहमी मोजले जाणारे प्रतिपिंड ‘अ’ वर्गाचे (आयजीए) असते. काही व्यक्तींत हा वर्गच जन्मतः न्यून असतो व रोग असूनही परीक्षा नकारात्मक येते. म्हणून त्या वर्गाचे एकूण प्रमाणही मोजतात. तसेच परीक्षेपूर्वीच गहू बंद केल्यास प्रतिपिंडे घटतात व निदान हुकते.

भारत व वऱ्हाड : भारतात बी. एन. एस. वालिया व सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये उत्तर भारतीय बालकांतील या रोगाची नोंद प्रसिद्ध केली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांतील रोगाचे प्रमाण उत्तर भारतात १·२३ टक्के, तर दक्षिणेत ०·१० टक्के आढळले. रोगप्रवण जनुकांचे प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखे होते. गव्हाच्या आहारातील फरक हे या तफावतीचे संभाव्य कारण मानतात.

अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या दृष्टीने हा निष्कर्ष लक्षणीय आहे. काळ्या जमिनीच्या या कापूसपट्ट्यात ज्वारीची भाकर हे रोजचे अन्न होते. रोडगे, पुरणपोळी यांसाठी लागणारा गहू मुख्यतः सणासमारंभाचा होता. मेळघाटातील कोरकूंच्या आहारातही ज्वारी, मका व कुटकी ही ग्लुटेनविरहित धान्ये होती. पुढे स्वस्त धान्य दुकानांतून गहू घरोघरी पोहोचला, सोयाबीनचा विस्तार झाला आणि ज्वारीचे क्षेत्र घटले. गव्हाचा नित्य आहार वाढला, की आजवर सुप्त राहिलेली प्रवणता प्रकट होण्यास वाव मिळतो. मेळघाट तर बालकुपोषणाबद्दल १९९० नंतरच्या दशकांत सतत चर्चेत राहिला. अशा प्रदेशात वजन न वाढणारे प्रत्येक मूल अन्नाअभावी कृश झाले आहे, असे गृहीत धरले जाण्याचा संभव असतो. त्यांपैकी एखाद्यास सीलिअक रोग असल्यास पोषणासाठी दिलेली गव्हाची लापशी वा बिस्किटेच त्यास अपाय करतात. म्हणून पुरेसा आहार मिळूनही न सुधारणाऱ्या बालकाची रक्तपरीक्षा करणे इष्ट असते.

रोगावर आजन्म ग्लुटेन वर्ज्य करणे हाच उपाय आहे. ज्वारी या रुग्णांना निर्धोक असल्याचे २००७ मध्ये इटलीतील अभ्यासातही दिसून आले. मात्र गव्हाच्या दळणानंतर त्याच गिरणीतून काढलेल्या ज्वारीच्या पिठात गव्हाचा अंश येतो. तेव्हा दळण घरच्या जात्यावर किंवा वेगळे करावे लागते. १९६९ मध्ये अकोला येथे स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात (डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ) ज्वारीवर संशोधन चालते. महागड्या ग्लुटेनविरहित पदार्थांऐवजी भाकर, कण्या व आंबील यांवर बालकाचे पोषण होऊ शकते. वऱ्हाडात या रोगाचे पथ्य परंपरागत आहारातच आहे. निदान मात्र वेळेवर होणे आवश्यक असते.