पडद्यामागचा अ‍ॅम्प्लिफायर

गेल्या वर्षी मी एका ऑडिओ शोला गेलो आणि पावणेदोन लाखांचा अ‍ॅम्प्लिफायर ईएमआयवर घेऊन आलो. हॉटेलच्या खोल्यांमधले पलंग हलवून स्पीकर मांडलेले. एका खोलीत साधी सिस्टिम, शेजारच्या खोलीत मोटारीच्या किमतीची. मला फरक अगदी ‘स्पष्ट’ ऐकू आला. घरी बाबांनी विचारलं, “जुन्यात काय वाजत नव्हतं रे?” मला उत्तर देता येईना. मग बग सापडला नाही की आम्ही जे करतो तेच केलं, जुना इतिहास उकरायला घेतला.

न्यूयॉर्कमध्ये १९४९ साली हॉटेल न्यूयॉर्करमध्ये ऑडिओ फेअर भरली, तेव्हाही मामला असाच होता. दणदणीत खर्ज हवा तर कपाटाएवढा स्पीकर घ्या, असा तो काळ. १९५४च्या फेअरमध्ये एडगर विल्चर हा प्राध्यापक आणि त्याचा विद्यार्थी हेन्री क्लॉस एक छोटी पेटी घेऊन आले. तिचं नाव एआर-१, किंमत १८५ डॉलर. पेटी पूर्ण बंद. आत कोंडलेली हवाच स्पीकरच्या पडद्याला स्प्रिंगसारखी मागे ढकलायची. एवढ्याशा पेटीतून एवढा खर्ज! मोठ्या कपाटांचा रुबाब तिथून उतरायला लागला.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला वार्फडेल कंपनीच्या गिल्बर्ट ब्रिग्जने लंडनचा रॉयल फेस्टिव्हल हॉल भाड्याने घेतला. अ‍ॅम्प्लिफायर क्वाडच्या पीटर वॉकरचे. स्टेजवर वादक प्रत्यक्ष वाजवणार, मग त्याचंच रेकॉर्डिंग स्पीकरवर. पुढच्या वर्षी हाच प्रयोग न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झाला. विल्चरच्या कंपनीनेही पुढे फाइन आर्ट्स क्वार्टेटला घेऊन असे प्रयोग केले. चौघे वादक मधूनच नुसता हात हलवत राहायचे आणि आवाज स्पीकरमधून यायचा.

मला यातलं आवडलं ते असं, की तुलना दुसऱ्या खोलीशी नव्हती, जिवंत माणसाशी होती. अर्थात तिथेही चलाखी चालायची. एडिसनच्या कंपनीने १९१५पासून दहाएक वर्षं गायिका आणि फोनोग्राफ शेजारी उभे करून, दिवे मालवून लोकांना फरक ओळखायला लावला. त्यातल्या अ‍ॅना केसने म्हातारपणी कबूल केलं की ती यंत्रासारखा आवाज काढून गायची!

पुढे शोमधून वादक गेले. उरल्या खोल्या आणि किमतीच्या पाट्या. यातली मेख साधी आहे. आवाज किंचित मोठा असला तरी कानाला तो ‘चांगला’ वाटतो, आणि दोन खोल्यांतला आवाज कोण मोजून सारखा करतो? १९८७च्या जानेवारीत ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने तो मोजून सारखा केला. सुमारे २२० डॉलरच्या रिसीव्हरपासून १२,००० डॉलरच्या जोडीपर्यंतचे अ‍ॅम्प्लिफायर, नावं झाकलेली. महागड्यांवर विश्वास असणारे आणि नसणारे, दोन्ही प्रकारचे श्रोते होते. निकाल नाणेफेकीच्या आसपास.

म्हणजे सगळं सारखंच असतं का? नाही. स्पीकर खरंच वेगवेगळे वाजतात. पण १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी ४० जणांना चार स्पीकर आधी न दाखवता, मग दाखवून ऐकवले. हे ४० जण ऑडिओ कंपनीचेच कर्मचारी होते. छोटा स्वस्त संच नजरेसमोर आल्याबरोबर त्याचे गुण घसरले. कान तेच, खोली तीच.

हे वाचल्यावर मला गप्प बसवेना. मल्टिमीटरने स्पीकरच्या टोकांवर व्होल्टेज मोजून दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज सारखा केला. मध्ये चादर टांगली. ताईने चादरीमागे नाणं उडवून वायरी बदलायच्या आणि कागदावर लिहून ठेवायचं. १६ फेऱ्या. निव्वळ नशिबाने नाही म्हणायला निदान १२ बरोबर हवेत. भीमसेनांचा तोच मारवा, तोच तंबोरा. पाचव्या फेरीला मला खात्री वाटत होती, दहाव्या फेरीला तर मी डोळे मिटून डोलत होतो.

ताईने कागद पुढे केला. १६ पैकी ९.

“दहाव्याला डोलत होतास ना,” ती म्हणाली, “तो बाबांचा जुना होता.”

बाबा आतून म्हणाले, “मारवा पुन्हा लाव, मध्येच काय बंद केलास?” मी लावला. कोणत्या अ‍ॅम्प्लिफायरवर, ते चादर काढल्याशिवाय मलाही कळलं नसतं. ईएमआयचे सात हप्ते बाकी आहेत.