जग संपल्यावर भाकरी कोण करतं?

एसटीत असाल, होस्टेलवर असाल, नाहीतर माझ्यासारखे बिल्ड पूर्ण व्हायची वाट बघत बसला असाल, तर इअरफोन नीट लावा. आज आपण जगबुडीबद्दल बोलणार आहोत. सुरुवात एका अशा सिनेमापासून, जो खिशात फारसे पैसे नसलेल्या पोरांनी बनवला.

सिनेमाचं नाव 'मॅड मॅक्स'. अलीकडचा भव्य वाला नाही हां, १९७९ चा पहिला. दिग्दर्शक जॉर्ज मिलर हा डॉक्टर होता, इमर्जन्सीत अपघाताच्या केसेस बघायचा. त्यानं आणि त्याचा दोस्त बायरन केनेडी यानं कुठल्याही मोठ्या स्टुडिओशिवाय साडेतीन ते चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलर उभे केले. १९७७ च्या शेवटी मेलबर्नच्या आसपास शूटिंग झालं. गुंडांच्या टोळीत काही खरेखुरे बायकर होते आणि त्यांच्या मानधनाचा काही भाग चक्क बिअरच्या रूपात दिला गेला. एका धडकेच्या सीनसाठी मिलरनं स्वतःची व्हॅन मोडून घेतली. एडिटिंग घरीच. आणि कमाई? जगभरात १० कोटी अमेरिकी डॉलरच्या वर!

आता गंमत बघा. गजबजलेलं शहर, ट्रॅफिक, गर्दी दाखवायला पैसे नव्हते. मग त्यांनी रिकामे रस्ते आणि पडीक इमारती शोधल्या, आणि गोष्ट थोड्याच वर्षांनंतरची आहे असं सुरुवातीलाच सांगून टाकलं. झालं जग उद्ध्वस्त! त्याच्याही आधी, १९६२ मध्ये, फ्रान्सच्या ख्रिस मार्करनं 'ला जेते' हा २८ मिनिटांचा सिनेमा जवळजवळ सगळा स्थिर फोटोंमधून केला होता. तिसऱ्या महायुद्धानंतर तळघरात जगणाऱ्या माणसांची गोष्ट. म्हणजे जग संपवायला बजेट लागत नाही, रिकामी जागा लागते.

हे वाचल्यावर आम्हा तीन मित्रांच्या डोक्यात किडा शिरला. आमच्याकडे चांगले कॅमेरे असलेले मोबाईल आहेत, आणि गाव मंगळवेढा. तालुक्याच्या दक्षिणेला गेलं की उन्हाळ्यात सेट लावायची गरजच नाही. कोरड्या विहिरी, भेगाळलेली जमीन. लोकेशन फुकट!

तयारी म्हणून मी 'मॅड मॅक्स'चे सगळे भाग परत बघत होतो. दुसरा भाग चालू असताना आजी शेजारी येऊन बसली. हा १९८१ चा. यात पेट्रोलसाठी टोळ्या एकमेकांचे गळे कापतात. आजीनं दहा मिनिटं बघितलं आणि विचारलं, "ह्यांच्याकडं पेट्रोल हाय, पर भाकरी कोण करतंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी इतिहासात शिरलो.

या सिनेमाचं मूळ १९७३ च्या तेलसंकटात आहे. सहलेखक जेम्स मॅककॉसलँड पत्रकार होता. पेट्रोलचा तुटवडा पडल्यावर रांगेत मध्ये घुसणाऱ्यावर साधी माणसं कशी धावून जातात, हे त्यानं पाहिलं होतं. त्यावरून निष्कर्ष काढला, की टंचाई आली की माणूस जनावर होतो.

आता तेच १९७३ साल आपल्याकडे बघा. १९७२ चा दुष्काळ ऐन भरात होता. मे महिन्यात राज्यभर सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव. खायला सुकडी, आणि अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो. आजी तेव्हा नवी नवरी होती, तीही खडी फोडायला गेलेली. म्हणजे तिकडे पेट्रोलची रांग आणि इकडे कामाची. त्याच दुष्काळातून पुढे रोजगार हमीचा कायदा पक्का झाला. १९७७ ला मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ ला लागू. 'मॅड मॅक्स' आला एप्रिल १९७९ मध्ये! एकाच संकटाच्या दशकातून एकीकडे सिनेमा निघाला आणि दुसरीकडे काम मागायचा हक्क.

जगबुडीच्या प्रत्येक सिनेमात दोन गोष्टी हमखास असतात, भिंत आणि कोठार. आत कोण, बाहेर कोण? साठा कुणाचा? आणि आमच्या मंगळवेढ्याच्या इतिहासात नेमक्या याच दोन गोष्टी आहेत.

आधी कोठार. इथल्या काळ्या जमिनीतली ज्वारी आजही प्रसिद्ध आहे, २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पंधराव्या शतकात, बहमनी राजवटीत, इथले अधिकारी होते दामाजीपंत. परंपरा दुष्काळ सांगते १४६० च्या सुमाराचा. कोठारं भरलेली, मालकी बादशहाची, आणि दारात उपाशी माणसं. पंतांनी कोठारं उघडली. मग शिक्षेसाठी बोलावणं आलं, आणि विठ्ठलानं विठू महार होऊन बिदरला पैसे भरले, ही कथा तुम्हाला माहीतच असेल. चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. एवढ्या शतकांत किती अधिकारी आले आणि गेले, पण लोकांनी नाव लक्षात ठेवलं ते कुलूप उघडणाऱ्याचं.

आता भिंत. ही गोष्ट त्याच्याही आधीची, परंपरेनुसार १३३८ ची. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि मजूर गाडले गेले. त्यात संत चोखामेळा होते. म्हणजे ज्यांना गावकुसाबाहेर राहायला लावलं, तेच ती भिंत बांधताना मेले. संकट सगळ्यांवर येतं म्हणतात, पण भिंत आधी कुणाच्या अंगावर पडते, ते आमच्या गावाला पावणेसातशे वर्षांपूर्वीच कळलं होतं.

म्हणून दामाजींची गोष्ट एकटी सांगून भागत नाही. त्याच मातीनं कोठार उघडलेलंही बघितलंय आणि माणसांना बाहेर ठेवलेलंही. मॅककॉसलँडनं पाहिलं ते खोटं नाही, पण ते अर्धंच आहे.

मी आजीला आमची लोकेशनं मोबाईलवर दाखवली. म्हटलं, "आजी, इथं जग संपलंय असं दाखवायचंय." ती फोटो निरखत म्हणाली, "अरे, ही तर माझ्या भनीच्या गावाकडची हीर. मानसं राहत्यात तिथं."

मला लाजच वाटली. ज्या गावांनी पाण्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला, त्यांचं रोजचं आयुष्य मी फुकटचा सेट म्हणून बघत होतो.

सिनेमा सोडलेला नाही, फक्त स्क्रिप्ट बदललीय. आता आधी त्या गावात जाऊन विचारणार, आणि तिथल्याच माणसांना घेऊन करणार. हाणामारी कमी केलीय. शेवटचा सीन आहे एका बंद कोठाराचा. किल्ली एका साध्या कारकुनाच्या हातात आणि बाहेर माणसं उभी. तो काय करतो, ते अजून ठरलेलं नाही. पण आत चूल पेटलेली असणार आणि भाकरी कोण करतंय, तेही दिसणार.

तुमच्या घरात ७२ चा दुष्काळ बघितलेलं कुणी असेल, तर आज रात्री त्यांच्याशेजारी बसा आणि रेकॉर्डिंग चालू करा. उशीर करू नका.

चला, भेटू पुढच्या भागात!