गोमंतकीय रुपेकाम

इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानी चांदीच्या भांड्यांना साहेबलोकांच्या दिवाणखान्यात मोठा मान मिळाला. कच्छची दाट वेलबुट्टी आणि मद्रासची देवदेवतांच्या आकृतींनी भरलेली ‘स्वामी’ घडण जाणकार दुरूनच ओळखीत. भूजच्या उमरसी मावजीने आपल्या भांड्यांवर नावाची आद्याक्षरे उमटविली, मद्रासच्या पी. ऑर पेढीचाही स्वतःचा छाप असे. म्हणूनच ती भांडी आज कर्त्याच्या नावाने ओळखली जातात.

गोमंतकीय रुपेकामाच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. वस्तुतः त्याची परंपरा या पेढ्यांहून कितीतरी जुनी. १५१८ च्या सुमारास रावळू शेट हा हिंदू सोनार राजा मानुएलच्या सेवेसाठी लिस्बनला गेला आणि सनद घेऊन परतला. पुढे वारे फिरले. १५६७ च्या धर्मपरिषदेने हिंदू कारागिरांना ख्रिस्ती पूजेच्या वस्तू घडविण्यास मनाई केली. तीच बंदी पुढेही पुनःपुन्हा घालावी लागली, यावरून ती कितपत पाळली गेली हे उघड आहे!

बॉं जेझूस चर्चमधील संत फ्रान्सिस झेवियरची रौप्यपेटी १६३६-३७ मध्ये गोव्याच्याच कारागिरांनी घडविली. तिच्यावर संताच्या चरित्रातील ३२ प्रसंग आहेत. आराखड्याच्या संदर्भात मास्त्रिली या इटालियन पाद्र्याचे नाव घेतले जाते. हातोडी चालविणाऱ्यांचे नाव कोणी घेत नाही.

हे उठावाचे काम मोठे चिकाटीचे. पत्रा राळेवर बसवावयाचा, मागून ठोकून आकार उठवावयाचा, मग पुढून बारीक छिन्नीने डोळे, बोटे, वस्त्राच्या चुण्या काढावयाच्या. ठोकून चांदी कडक होते. ती वरचेवर तापवून मऊ न केल्यास पत्रा फाटतो.

हीच विद्या देवळांतही नांदली. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश, साष्टीतील देव फोंडा, डिचोली, पेडणे या बाजूंस गेले. तेथील देवालयांच्या पालख्या, प्रभावळी, मखरे यांवर शेटांच्या हातोडीची खूण आहे. परंतु देवस्थानच्या यादीत सामान्यतः वस्तू आणि वजन एवढेच लिहितात, घडविणाऱ्याचे नाव क्वचित. झिजलेली प्रभावळ आटवून त्याच चांदीची नवी घडविली, तर वजनाचा हिशेब जवळजवळ जुळतो आणि यादीत फारसे उणे दिसत नाही.